पहिल्या दिवसाचा रंग

रंगाच्या दुकानात त्याला सगळे 'लगीनघाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. मनाने वाईट नव्हता हो माणूस, पण एका जागी बसणं त्याला माहीत असेल तर शपथ! चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने, वर्तमानपत्र मागच्या पानाकडून. गिऱ्हाईक नमुना दाखवायला पिशवीत हात घालतंय तोवर हा डबा उघडून मोकळा. पायाला भिंगरी आणि हाताला खाज, असं त्याची बायको म्हणायची. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला ते म्हणायचा पुरता हक्क होता.

दुकानात त्याचं काम रंग जुळवायचं. कोणी जुन्या दाराचा टवका आणायचं, कोणी उशीचा अभ्रा. एक बाई तर नवऱ्याची पँट घेऊन आली होती, या रंगाची भिंत हवी म्हणून. हा पांढऱ्यात चार थेंब निळा, एक थेंब काळा टाकायचा, यंत्रात डबा खदाखदा हलवायचा, की हवा तो रंग हजर. हे झालं पोटापाण्याचं. जीव मात्र त्याचा घराच्या गच्चीवर टांगलेला होता.

गच्चीवर लोखंडी दांड्यांना लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या लटकत होत्या आणि त्या टोपल्यांत व्हँडा. ही ऑर्किडची एक जात. हिला माती नको, कुंडी नको, कसली भानगड नको. टोपलीतून हातहातभर मुळं मोकळ्या हवेत लोंबतात. कोरडी असली की राखाडी, पाणी मारलं की बघता बघता हिरवी. आणि फूल? काय सांगू! तळहाताएवढं, पसरट, पाकळ्यांवर गडद रेषांची जाळी, कोणीतरी बारीक टाकाने चौकटी आखत बसल्यासारखी. निळी, गुलाबी, शेंदरी, ठिपक्यांची. एकेक फूल महिनाभर टिकतं. म्हणजे टिकायला हवं. या घरात ते आठवडाभरसुद्धा टिकत नव्हतं.

कारण उघड आहे. लगीनघाईला फूल बघायचं नसायचं, त्याचं लग्न लावायचं असायचं. एका फुलातले परागाचे पिवळे गोळे टूथपिकच्या टोकाने उचलायचे आणि दुसऱ्या फुलाच्या मधल्या खळग्यात नेऊन चिकटवायचे. झाला दोन जातींचा संकर. पण पराग लागला की फुलाच्या लेखी फुलायचं काम संपलं. दोन-तीन दिवसांत ते मलूल होऊन मान टाकतं आणि मागे शेंग धरते. शेंग पिकायला कित्येक महिने. मग आतलं पिठासारखं बी बाटलीत पेरा, बाटलीतली इवली रोपं वर्षभराने बाहेर काढा, आणि पहिल्या कळीची वाट बघत पाच-सहा वर्षं बसा. यंत्रात डबा हलवून रंग काढणाऱ्या माणसाने नेमका हाच नाद धरावा, याला काय म्हणावं? "हा व्हँडा नाही, वांधा आहे," असं बायको म्हणायची आणि तो हसायचा.

त्याला एक निळा हवा होता. खोल, काळपट, जांभळ्याकडे जराही न झुकणारा. त्यासाठी त्याने निळ्याशी निळा लावला, निळ्याशी पांढरा लावला, नाही नाही ते करून पाहिलं. नव्या झाडावर पहिली कळी उमलली की हा दात घासताघासता वर. आकार बरा दिसला की लगेच टूथपिक. नाहीतर निकाल तयार: "फिकं आहे. मळकट आहे. काढून टाक." मग बायको ते झाड उचलायची आणि बसने आपल्या मोठ्या बहिणीकडे नेऊन बाल्कनीत टांगायची. त्याला हे ठाऊक होतं, पण त्या बाल्कनीत त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. मेहुणीकडे गेलं की बसावं लागतं, ही त्याची अडचण.

काही वर्षांपूर्वी असंच एका बाटलीतून निघालेलं सगळ्यात मरतुकडं रोप तो फेकायला निघाला होता. बायकोने ते हातातून काढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलं. भांडी विसळताना रोज त्याच्यावर पाणी मारलं, त्याच्याशी गप्पा मारल्या, वर्षामागून वर्षं. त्या रोपाने यंदा दांडा टाकला. दोन कळ्या.

"याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हे फूल मला आपसूक सुकेपर्यंत बघायचंय. माझ्या घरात, एकदा तरी."

"नाही लावत."

"शपथ घ्या."

"घेतली बाई, शपथ घेतली. तुझं फूल, तू बघ."

पहिली कळी उमलली. रंग फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा. पण आकार! पाकळीला पाकळी अशी भिडलेली की मधून उजेड दिसू नये. असा गोल आकार त्याच्या गच्चीवर आजवर झाला नव्हता. आणि फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात, बटरपेपरच्या पुडीत त्याच्या सगळ्यात गडद निळ्याचा पराग पडून होता. ते दोन एकत्र आले तर? तो दिवसभर दुकानात चुळबुळत होता. चुकून एकाच्या भिंतीसाठी दुसऱ्याचा रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आंघोळीला गेली. नळ चालू होता. नळ बंद व्हायच्या आत त्याचं काम उरकलं होतं.

पुढच्या दिवशी संध्याकाळी फुलाने मान टाकली. बायकोने ते बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला तो सरावला होता. तिने बॅग काढली. साड्या भरल्या, गोळ्यांची डबी घेतली, चष्म्याचं घर घेतलं. मग पलंगावरची आपली उशी उचलली. दोन दिवसांसाठी जाणारं माणूस उशी नेत नाही.

"अगं, एका फुलासाठी?"

"एका?" ती दारात वळली. "आजवर किती झाली, मोजलीत? फुलाकडे धड बघितलं नाहीत आणि माझ्याकडेही नाही. मी काय म्हणते ते वाक्य संपेपर्यंत तुम्ही कधी थांबला आहात का? आता बसा तुमच्या बाटल्या घेऊन." आणि ती गेली.

घर खायला उठतं म्हणतात ते त्याला कळलं. तो या खोलीतून त्या खोलीत, तिथून गच्चीवर, गच्चीवरून परत खाली. फोन केला तर तो मेहुणीने उचलला. "ती बोलणार नाही म्हणते. आणि तुम्ही येऊ नका बरं का. तुम्ही आलात की माझ्या खुर्च्यासुद्धा दमतात."

स्वयंपाकघराच्या खिडकीत दुसरी कळी उमलायच्या बेतात होती. त्याला पक्कं ठाऊक होतं की सुकत चाललेलं फूल शेजारच्यालाही आपल्याबरोबर ओढतं. पहिलं फूल दांड्यावर राहिलं तर दुसरं फार दिवस टिकणार नाही. पहिल्याच्या मागे शेंग फुगायला लागली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. इतक्या वर्षांत जमून न आलेला संकर होता तो. आकार याचा, रंग त्याचा. आणि फ्रिजमधली पुडी आता रिकामी. तो ब्लेड घेऊन उभा राहिला, ब्लेड खाली ठेवलं, गच्चीवर चक्कर मारून आला, पुन्हा उचललं. शेवटी डोळे मिटून नव्हे, नीट बघून त्याने ती शेंग कापली. कापली आणि "झालं, गेलं" असं मोठ्याने म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं. मग टूथपिकची डबी घेतली आणि खालच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकली. तो बिचारा डबीकडे बघतच राहिला.

दुसरं फूल उमललं. तेच फिकट, तेच विटकं. हा समोर स्टूल घेऊन बसला. हात मांडीखाली दाबले. थोड्याच वेळात उठला, पाणी प्यायला, परत बसला. बायकोला आपसूक सुकेपर्यंत बघायचं होतं ना? मग निदान आपण तरी बघू, तिच्या वाटचं. पण बघायचं म्हणजे करायचं काय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी बसायचा, संध्याकाळी बसायचा, आणि मधल्या वेळात दुकानात सगळ्यांच्या अंगावर खेकसायचा.

त्यातच एक गिऱ्हाईक तणतणत आलं. भिंतीला लावलेला रंग नमुन्याशी जुळत नाही म्हणे. "कधी लावलात?" याने विचारलं. आजच, आत्ताच लावून येतोय. झालं, हा उसळला. "अहो, ओल्या रंगाकडे बघून कसलं बोलता! वाळू द्या, मुरू द्या. पहिल्या दिवशी कोणत्या रंगाचं खरं रूप कळलंय?" आणि बोलताबोलता जीभ अडकल्यासारखा गप्प झाला. मालकाने विचारलं, बरं वाटत नाही का रे? हा एप्रन काढून, गिऱ्हाइकाला तसंच सोडून, घराकडे सुटला.

खिडकीत फूल होतं. पहिल्या दिवशीपेक्षा चांगलं बोटभर मोठं झालेलं. रोज समोर बसूनही त्याला कळलं नव्हतं, कारण मनात पहिल्या दिवसाचाच शेरा धरून तो बसला होता. फिकटपणा कुठल्या कुठे गेला होता. पाकळ्यांवरची जाळी गडद होऊन मिसळत आली होती, आणि तो निळा, तोच तो, खोल, काळपट निळा, जांभळ्याचा मागमूस नाही. बाजारातून आणलेली झाडं फुललेलीच यायची, त्यामुळे फुलाचा रंग चढायला दिवस लागतात हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. घरच्या फुलांना त्याने चढूच दिलं नाही. आनंद व्हायला हवा होता ना? तो फरशीवर बसून हुंदके देऊन रडला. किती झाडांना मळकट म्हटलं होतं त्याने! मूर्ख, मूर्ख, मूर्ख, असं स्वतःच्या कपाळावर मारून घेत म्हणाला.

मग टोपली काढली आणि बस गाठली. गर्दीत टोपली डोक्यावर धरून तो उभा, लोंबती मुळं पुढच्या माणसाच्या मानेला गुदगुल्या करतायत, तो माणूस वैतागलेला.

"विकायला नेताय का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही, माफी मागायला."

"मग सांभाळा," कंडक्टर म्हणाला आणि त्याला कोपऱ्यात जागा करून दिली.

मेहुणीने दार उघडलं, टोपलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि बाल्कनीकडे बोट केलं. बाल्कनीच्या दारात त्याचे पाय थबकले. त्याने 'काढून टाक' म्हटलेली सगळी झाडं तिथे टांगलेली होती आणि त्यांतली निम्मी फुललेली. गडद गुलाबी, ठिपक्यांची शेंदरी, निळ्यातले किती प्रकार. एकही मळकट नव्हतं. मधोमध खुर्चीत त्याची बायको बसली होती. हातात काही नाही, विणकाम नाही, फोन नाही. नुसती बसली होती, आणि तिचा चेहरा इतका निवांत होता, की असा चेहरा आपण घरी शेवटचा कधी बघितला ते त्याला आठवेना.

"दुसरं उमललं वाटतं," ती त्याच्या टोपलीकडे बघत म्हणाली. मग दांड्यावरची कापल्याची खूण तिला दिसली. "आणि शेंग?"

"कापली."

तिने हात लांबवून त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. "यांचा रंग चढतो ते?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"जरा थांबा, जरा थांबा, असं किती वर्षं म्हणतेय. आणखी कसं सांगतात?"

"माझं चुकलं," तो म्हणाला. "फार चुकलं. घरी चल."

"येईन की. ही फुलं सुकली की येईन."

"अगं, महिना लागेल त्याला!"

"लागू दे."

त्याने बाल्कनीभर नजर फिरवली. "मग मी इथेच राहू?"

"राहता येईल तुम्हाला?"

एरवी त्याने प्रश्न संपायच्या आत 'हो' म्हणून टाकलं असतं. आज तो विचार करत उभा राहिला. "माहीत नाही," तो खरं ते म्हणाला.

ती उठली. त्याच्या हातातली टोपली घेऊन तिने दांडीला टांगली. आतून आणखी एक खुर्ची आणली आणि पार मागच्या भिंतीला टेकवून ठेवली, कुठल्याच फुलापर्यंत हात पोचणार नाही अशी.

"इथूनही सगळं दिसतं," ती म्हणाली.

तो बसला. गुडघा थडथड हलत होता. तिने आपली खुर्ची मागे ओढली, त्याच्या खुर्चीला लावली आणि पुन्हा फुलांकडे बघत बसली.