काल्याचा नारळ आणि माझी जळजळ

तरुणपणी माझ्या छातीत जी जळजळ व्हायची, तिच्यावर कर्जत स्टेशनातलं इंजिन एकटं घाट चढून पुण्याला गेलं असतं, मागून ढकलायला दुसरं लावावं लागलं नसतं. मी ढेकर दिला की समोरच्याच्या मिशा करपायच्या. हे जरा वाढवून सांगतोय. मिशा नाही, फक्त भुवया.

आणि असा मी गावचा पोहणारा! आमच्या गावाखाली उल्हास नदीला मोठा डोह आहे. गोपाळकाल्याच्या दिवशी नावाडी त्याच्या मधोमध नारळ टाकायचा. अलीकडून आमचा एक गडी उतरायचा, पलीकडून समोरच्या गावाचा एक. नारळ ज्या काठाला लागेल, त्या गावाचा वर्षाचा मान. सलग पाच वर्षं तो मीच आणला. सहाव्या वर्षी मात्र निम्म्या डोहात घशाशी असं आंबट आलं, की नदीचं पाणी कुठलं आणि माझं कुठलं हेच कळेना. गुदमरलो. शेवटी एका म्हशीची शेपटी धरून काठाला लागलो. म्हैस नेमकी पलीकडच्या गावची निघाली, हे दुःख निराळं.

यात पोटाचा दोष थोडा, रिवाजाचा फार. नदीवर निघालेल्या पोहणाऱ्याला दारोदार घास भरवायची आमच्याकडे रीत. कुठं दहीपोह्यांचा काला, कुठं वालाचं बिरडं, कुठं लोणच्याची लालभडक फोड. नको म्हणायची सोय नाही. लगेच, "आमच्या घरचं वंगाळ लागतं काय रं तुला?" घास टाळला तर त्या घराशी वर्षभर बोलणं बंद. डोहापर्यंत पोचेस्तोवर मीच तुडुंब भरलेला असायचो.

पाटलानं सांगून टाकलं, "येत्या काल्याला नारळ नाय आणलास, तर पुढं तुजा मेव्हणा उतरंल."

मेव्हणा जात्याच्या तळीसारखा पोहायचा, म्हणजे सरळ खाली. पण माझी जागा गेली असती, ती गेलीच असती. मी तडक खालापूरच्या वैद्यबुवांकडे चालत गेलो. त्यांनी आवळ्याचं चूर्ण दिलं आणि बजावलं, "जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आडवे झालात की पोटातलं वर चढतं."

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. हातातलं सूप न थांबवता म्हणाली, "मंग अवो, नदीत काय तुमी उभं असता? आडवंच की!"

माझ्या डोक्यात हे सहा वर्षं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून डोहात उभ्यानं पोहायचा सराव सुरू केला. लावणीआधी चिखल तुडवतात तसे पाय मारायचे, हातांनी पाणी मागं लोटायचं. चाल कासवाची, पण छाती थंडगार.

काल्याचा दिवस आला. एकही दार चुकवलं नाही. एका म्हातारीनं तर बिरड्याचे दोन घास भरवले, मागल्या वर्षी ती गावाला गेली होती, त्याची भरपाई म्हणून. मग डोहात उतरलो आणि उभ्या उभ्या निघालो. पलीकडचा गडी सुसरीसारखा सपसप पाणी कापत आला. नारळ त्याच्यापासून हातभर उरला असेल, तोच त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि छाती धरली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. त्याच्या गावातही दारं होतीच की!

"काय रं, वर आलं?"

"बिरडं..." त्यानं गटांगळी खाल्ली.

"उभा ऱ्हा!"

"हितं? तळ कुठाय?"

"तळ कशाला? लावणीचा चिखल तुडवतोस तसं तुडव!"

तुडवलं त्यानं. डोकं वर राहिलं, श्वास आला. तोवर मी नारळ बगलेत मारून आमच्या काठाकडे वळलो होतो. तोही मागोमाग आला.

काठावर पाय ठेवतो तोच पलीकडून गलका, "चालत गेला! पाय टेकलं!" मी कमरेपर्यंत पाण्याबाहेर दिसत होतो म्हणे. त्यांच्या पाटलानं तळ शोधायला होडीतून उभा बांबू घातला, तो सगळा आत गेला. त्याला दुसरा बांधला, तोही गेला, तळ लागला नाही. तरी ओरडा चालूच.

शेवटी त्यांचाच गडी आमच्या काठावरून गरजला, "आरं, तळ असता तर मी कशाला बुडालो असतो? ह्यानं शिकवलं म्हनून जित्ता हाय!"

त्यांच्या पाटलानं बांबू होडीत ओढून घेतले. आमच्या पाटलानं नारळ कपाळाला लावला आणि म्हणाला, "पुढल्या साली बी हाच."

अंग पुसता पुसता तो गडी हळूच मला विचारू लागला, "दादा, कुठल्या वैद्याचं औषध घेता?" मी खालापूरची वाट सांगितली, चूर्णाची पुडीही दिली. पण पाय तुडवायचा सराव रोज किती करायचा, असं त्यानं विचारलं, तेव्हा माझ्या दोन्ही कानांत एकदम पाणी गेलेलं होतं. पुढल्या साली त्याच्यासमोर मलाच उतरायचं होतं ना!