चुकायला लागणारा वेळ

"स्वल्प थांबा, त्याला चुकू द्या," म्हणत अण्णा उजवा पंजा आडवा धरायचे, आणि मदतीला धावलेला माणूस जागीच थांबायचा. पुष्कळदा तो माणूस मीच असे. विद्यार्थी फळ्यापाशी अडखळला की मला राहवत नसे. तुम्ही शिक्षक असाल तर हा रोग तुम्हालाही ठाऊक असेल.

साठच्या दशकात बेंगळुरूच्या आमच्या कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवणारे ते एकटेच. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच चामराजपेटेतलं, त्यामुळे मराठीत निम्मी कन्नड. मी गणिताचा, बेळगावहून आलेला. मला त्यांनी नावाने कधी हाक मारलीच नाही. "काय बेळगाव, कॉफी?" एवढंच.

कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या संस्थेत. मुलं आपला प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवत. अण्णा ती कार्डं दर शनिवारी पिशवीतून बसने नेत आणि यंत्राने छापलेले कागद घेऊन येत. बहुतेक कागदांवर उत्तराऐवजी चुकाच असत. पण वर्गात ते वाटताना अण्णा असे खुलायचे, जणू पेढे वाटताहेत.

एकदा सगळ्यांचीच उत्तरं बरोबर आली. वर्ग खूश, अण्णांचा चेहरा मात्र उतरलेला. तिथल्या ऑपरेटरने दया येऊन चुकीची कार्डं परस्पर बदलली होती. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो.

"माझ्या पोरांच्या चुका चोरल्यात की हो तुम्ही!" अण्णा त्याला म्हणाले.

बिचारा पुण्य करायला गेला आणि चोर ठरला.

पण चुकांना यंत्राचा वेळ लागतो, आणि तो वेळ महाग. संस्थेने कळवलं, यापुढे फक्त बिनचूक प्रोग्राम आणा. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "तुम्हीच आधी दुरुस्त करून न्या. वेळ तरी टिकेल."

"मग ते प्रोग्राम माझे झाले, सर. पोरांनी काय शिकायचं?"

"परीक्षेपुरतं शिकतील."

अण्णांनी साफ नकार दिला. नाही त्यापेक्षा थोडं बरं, असं मी परोपरीने सांगून पाहिलं. माणूस ऐकेल तर शपथ! महिनाअखेर यंत्राचा वेळ बंद झाला. प्रोग्राम आता उत्तरपत्रिकेतच लिहायचा होता.

त्याआधीच्या शेवटच्या शनिवारी धारवाडच्या सुमनचा कागद चुकांसह परत आला. वर्गात सगळ्यात मागे पडणारी मुलगी. पण या वेळी तिने डोकं धरून बसून चूक स्वतः शोधली, नवं कार्ड केलं आणि धापा टाकत आमच्या खोलीत आली.

"सर, सापडली! परत कधी चालवायचा?"

"बघू की," अण्णा म्हणाले.

त्यानंतरही ते शनिवारी तिकडे जातच राहिले. सुमनची कार्डं घेऊन यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसायचे, मिनिटभर उरलं तर मिळावं म्हणून. तिथली माणसं भली होती, कॉफीसुद्धा विचारायची. वेळ तेवढा उरायचा नाही.

मी एकदा चिडलो. "अण्णा, तिचं बरोबर आहे हे तुम्हाला दिसतंय ना? मग सांगून टाका तिला."

"माझं ऐकून काय करेल ती? तिला यंत्राकडून ऐकायचंय."

दिवाळीच्या तोंडावर अण्णा हृदयविकाराने गेले. अजून मी कॉफीला एकटा जात नाही. तेराव्यानंतर वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली. "हे कॉलेजचं असेल, तुम्ही न्या."

मी ती थेट संस्थेत नेली. त्या ऑपरेटरने कार्डं घेतली आणि दुसऱ्या कुणाच्या कामाच्या मध्येच चालवली. संख्यांच्या वर्गांचा तक्ता सुरेख छापून आला. एकही आकडा चुकला नव्हता.

कागद मी सुमनला दिला. ती एकेका ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली. मग डोळे पुसून म्हणाली, "सर, मी अजून एक लिहिलाय. तो कोण नेईल?"

कोणीच नेणार नव्हतं, आणि ते मला तिला सांगवेना.