पायाखालच्या दोन पट्ट्या

काम कुठलंही असो, आमचे मिस्त्री आधी उकिडवे बसायचे, तळहात फरशीवर टेकवायचे आणि गप्प राहायचे. मग म्हणायचे, "पाणी सांगन." तेवढ्या वेळात माझा चहा पिऊन व्हायचा आणि डोकंही तापायचं.

वीज केंद्राच्या कॉलनीत, ऊर्जानगरात राहिला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कंत्राटावरचे फिटर. आठवडाभर पंप आणि मोटार एका रेषेत बसवायचे. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरांमधून बोलावणी यायची. कोणाची वॉशिंग मशीन नाचते, कोणाचा कूलर डुगडुगतो. खिशातल्या तंबाखूच्या डबीत पितळेच्या पातळ पट्ट्या असायच्या, पंपाच्या पायाखाली घालतात तसल्या. हलणारी वस्तू त्यांना बघवायचीच नाही. शेजारच्या लग्नात जेवणाचं टेबल हललं, तर यांनी लग्नपत्रिकेची घडी पायाखाली सारली आणि मगच भाताला हात लावला. नवरीचा बाप बघत राहिला.

बदली झालेल्या एका साहेबांनी जाताना मला माशांची चार फुटी काचेची पेटी दिली. ती बसवायला अर्थातच मिस्त्री आले. आमच्या क्वार्टरची फरशी बाल्कनीकडे उतरती. त्यांनी स्टँडवर थर्माकोल अंथरला, मध्ये खडा राहू नये म्हणून दोनदा हात फिरवला. पेटीत चार बोटं पाणी टाकून चारही कोपऱ्यांना मापलं. पाणी काढलं, स्टँडच्या पायाखाली पट्टी सारली, पुन्हा पाणी टाकलं. असं तीनदा. माझा सगळा रविवार गेला.

"मिस्त्री, मासे ठेवायचे आहेत, पंप नाही बसवायचा."

"पंप बोंबलते साहेब. काच नाई बोंबलत. एकदम फुटते."

शेवटी मागच्या डाव्या पायाखाली दोन पट्ट्या बसल्या. जाताना म्हणाले, "हालवू नोका. हालवाची असन तं मले बलवा."

मी बोलावलं नाही. उन्हाळा लागला. बायको राजुऱ्याला माहेरी गेली होती आणि मला खिडकीत कूलर लावायचा होता. पेटी वीतभर सरकली की जागा होत होती. अर्धं पाणी काढलं, स्टँडला खांदा लावला आणि सरकवलं. पट्ट्या मागे फरशीवरच राहिल्या. त्या उचलून ड्रॉवरमध्ये टाकल्या. पुन्हा कोण तो दिवस घालवणार, असं वाटलं. पाणी परत भरलं. दिसायला पेटी सरळच दिसत होती.

बायको परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकत गेली. पाणी दाराबाहेर, जिन्यावर. बायको ओंजळीत मासे गोळा करत होती, शेजारीपाजारी दारात जमले होते. तिने विचारलं, "हलवली होती का तुम्ही?"

"छे. मिस्त्रींची लेव्हल चुकली."

इतकं सहज निघालं तोंडातून की मलाही ते खरं वाटलं.

संध्याकाळी मिस्त्री आले. फरशीवर हात टेकवला. स्टँडचे पाय आधी जिथे होते तिथे गंजाचे डाग उमटले होते, वीतभर अलीकडे. त्यांचं बोट एका डागावर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं.

"कशानं झालं असेल हो भाऊ?" बायको म्हणाली.

"चुकलं असन माह्यंच, वहिनी. मासे किती गेले?"

तेव्हाच बोललो असतो, तर दोन मिनिटं मान खाली गेली असती, बस. मी चहा टाकायला सांगितला.

कॉलनीत गोष्ट पसरायला काय लागतं? महिनाभरात ती कंत्राटदाराच्या सुपरवायझरपर्यंत पोचली. ज्याला माशांची पेटी बसवता येत नाही तो पंप काय बसवणार, असं म्हणत त्याने मिस्त्रींना फिटरच्या कामावरून काढलं आणि कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टखाली सांडलेला चुरा झाडायला लावलं. एकदा ते बसमध्ये भेटले. कोळशाने चेहरा ओळखू येत नव्हता. सरकून मला जागा दिली.

"दुसरी पेटी आणली का, साहेब?"

"नाही."

"आणली तं बलवजा."

माझा स्टॉप अजून लांब होता, तरी उतरलो. स्वतःची शिसारी आली. पण तीही घरी पोचेपर्यंतच टिकली.

पुढे मिस्त्री काम सोडून गावी गेले. दोन वर्षांनी कळलं, ते वारले. तेव्हा कुठे मी ड्रॉवर उघडला. पट्ट्या खिशात टाकल्या आणि राजुऱ्याच्या पलीकडचं त्यांचं गाव गाठलं.

अंगणात त्यांची बायको तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगताच उठून उभी राहिली.

"तुमची माशाची पेटी फुटली होती ना त्याईच्या हातानं? मनात नोका ठेवू, भाऊ. लय जपून काम करत होते. तेवढं एकच चुकलं."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी पट्ट्या तिच्या हातात ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. पेटी मीच सरकवली होती, हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, हेही सांगितलं. ती पट्ट्या उलटसुलट करत ऐकत राहिली.

"मंग तवा काऊन नाई बोलले, भाऊ?"

आवाजात राग नव्हता. ती नुसतं विचारत होती. मग पाणी आणायला वळली. खडबडीत अंगणात तिवईवर माठ होता, आणि तिवईच्या एका पायाखाली तसलीच पितळेची पट्टी. आल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, म्हणून तिने पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.