लाल चिंधी, निळी चिंधी

माझी मोठी बहीण पुस्तकं बांधते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिचं लांब टेबल आहे. त्यावर खळ, दोरा, जाड सुया आणि बांधणीच्या कापडाचे तुकडे. एकही तुकडा फेकत नाही, म्हणून आम्ही तिला चिंधीताई म्हणतो. तिचा मुलगा घरोघरी इंटरनेट जोडून देतो. अंगाने उंच, त्यात सदा खांबावर चढलेला, म्हणून तो खांब्या. अशा घरात आईलाच वायफाय सोसेना, म्हणजे मिठाईवाल्याच्या घरी मधुमेह.

संध्याकाळी ताई घरी आली की डोकं ठणकायचं, हात भाजल्यासारखे लाल व्हायचे. तिचा संशय बैठकीतल्या वायफायच्या पेटीवर. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले आणि सगळं नॉर्मल असल्याचं सांगितलं. त्या शब्दाचा तिला आजाराहून जास्त राग. सून म्हणायची, "आई, मनाचे खेळ असतात हे." मी मामा, त्यामुळे दोन्ही डगरींवर हात ठेवून होतो.

एक दिवस ताईने सांगून टाकलं, "घरात ती पेटी राहील, नाहीतर मी. मी याच्याकडे जाऊन राहीन." याच्याकडे म्हणजे माझ्याकडे.

खांब्याही तिचाच मुलगा. म्हणाला, "तपासून बघू. तुझं खरं निघालं तर पेटी उखडून टाकतो. खोटं निघालं तर तू इथेच राहायचं आणि परत कुरकुर करायची नाही."

"कबूल," ताई म्हणाली.

त्याने पेटीच्या दिव्यांवर काळी पट्टी चिकटवली. पेटी कधी चालू ठेवायची, कधी बंद, हे एकट्या त्यालाच ठाऊक. सगळ्यांचे फोन बंद करून जिन्यात. सून मालिका बघायला माझ्याकडे यायची आणि जाताना मलाच टोमणे मारायची. रोज जेवणाआधी ताई अंदाज करायची: चालू वाटली तर लाल चिंधी, बंद वाटली तर निळी. पुस्तकाचे भाग एकामागून एक शिवतात, तशा ती चिंध्या दोऱ्यात ओवायची. खरं काय होतं त्याची माळ खांब्या कपाटात वेगळी करत होता.

दोन्ही माळा भरल्यावर टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. लालसमोर निळी, निळीसमोर लाल. काही जुळल्या, पण तेवढ्या तर नाणं उडवूनही जुळल्या असत्या.

"बघ! मी सांगत नव्हतो?" खांब्या टाळी मारायला माझ्याकडे वळला. मी हात पुढे केला नाही.

ताईने बाह्या वर सारल्या. कोपरापर्यंत लाल. "पेटी नाही, हे कळलं. बरं झालं. मग हे काय आहे?"

दुसऱ्या दिवशी खांब्या दोन्ही माळा घेऊन डॉक्टरांकडे गेला, मीही गेलो. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"मोठ्या चाचण्यांतही बहुतेक असंच दिसतं," ते म्हणाले. "लहरी चालू की बंद, हे लोकांना ओळखता येत नाही. पण त्रास खरा असतो."

"कशाने होतो?" खांब्याने विचारलं.

"त्यावर अजून नीट संशोधन व्हायला हवं."

"कोण करणार?"

"कोणीतरी करायला हवं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ताई शब्दाची पक्की. घरी यायची, नळाखाली हात धरून उभी राहायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. पूर्वी निदान पेटीला शिव्या देता यायच्या, आता तीही सोय गेली. तिचं ते गप्प राहणं मला बघवत नव्हतं.

शेवटी खांब्याच म्हणाला, "आई, बोल ना काहीतरी."

"कुरकुर करायची नाही, असं ठरलंय."

तो उठला. तिच्या चिंध्यांच्या डब्यातून लाल चिंधी काढली, सुईत नवा दोरा घातला आणि ओवली.

"पेटीचं तर संपलं. ही कशाची?" ताईने विचारलं.

"दुखलं त्याची."

ताई डबा त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "कालची राहिलीय. तीही ओव."