अर्धी मिशी आणि दिल्लीचा निकाल

माझं लग्न ठरलं ते लोकसभेच्या धामधुमीत. आम्ही वडूजकडचे, सासर सांगलीकडचं. सुपारी फुटली त्याच बैठकीत वडील आणि माझे होणारे सासरे यांची जुंपली. चहा येईस्तोवर पैजही लागली: ज्याचा पक्ष दिल्लीत हरेल त्यानं मिशी उतरवायची. वडील पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, मिशीला रोज तूप लावणारे. आई म्हणाली, "लगीनघरात मिशी काढत्यात व्हय? सुतक आल्यागत दिसंल." पण ऐकतंय कोण!

निकालादिवशी वडिलांचा पक्ष हरला. शब्द म्हणजे शब्द, त्यांनी न्हाव्याला घरी बोलावलं. डावी बाजू उतरली आणि टीव्हीवर त्यांच्या पक्षाचा पुढारी गरजला: मोजणीत घोळ आहे, निकाल मान्य नाही, आम्ही कोर्टात जाणार. वडिलांनी न्हाव्याचा वस्तरा धरलेला हात अडवला. "थांब गड्या. निकाल लागायचा हाय अजून."

मग काय, वडील अर्धी मिशी घेऊन गावभर पत्रिका वाटत हिंडले. मला तर त्यांना जेवायला वाढतानाही हसू आवरायचं नाही. आणि लग्नाला चार दिवस उरले असताना सासऱ्यांचा फोन आला. शब्द पाळत नाही त्या माणसाची मी गळाभेट घेणार नाही, म्हणाले. वडील म्हणाले, "कोर्टाला ठरवू द्या." माझं हसू तिथंच थांबलं.

लग्नादिवशी वऱ्हाड आलं, पण सासरे गाडीतून उतरेनात. व्याहीभेट होईना, वाजंत्री गप्प, मुहूर्त जवळ येत चाललेला. मी खिडकीतून बघत होते.

वडिलांनी फेटा काढून आईच्या हातात दिला. नवरदेवासाठी आलेल्या न्हाव्याला हाक मारली आणि गाडीसमोरच खुर्ची टाकून बसले.

"घे उरलेली."

"आन् कोर्ट, सुभेदार?" न्हाव्यानं विचारलं.

"त्येचं कवा बी लागंल. पोरगी आज हाय मांडवात."

साबण पुसायच्या आत सासरे गाडीतून उतरले आणि आपल्याच उपरण्यानं त्यांनी वडिलांचा ओठ पुसला. "आवं पावणं, लाजवलंसा," एवढंच म्हणाले आणि त्यांना मिठी मारली.

उघड्या ओठाचा तो माणूस मला क्षणभर ओळखूच येईना. मी ढसाढसा रडायला लागले. करवली वैतागून म्हणाली, "आगं, पाठवणी संध्याकाळी हाय."