पुरुषांसाठी राखीव

दादा गेला तेव्हा तो गाडीखाली होता. हिंगोलीत माझ्या शाळेत दुसरा तास चालू असताना गयावहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, चहाला तीनदा हाक मारली, ओ देईनात, म्हणून वाकून पाहिलं तर ग्रीसगन छातीवर आणि डोळे उघडे... हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या साखरा गावातले लोक मात्र पहिल्या दिवसापासून म्हणतात की नागोरावला त्या खटाऱ्यानं खाल्लं. आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण हे वाक्य माझ्यापुढं टाकून जातो आणि मी प्रत्येकाला सांगते, गाडीनं माझ्या भावाला खाल्लं नाही, सोळा वर्षं ताठ उभं ठेवलं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढचं वाचावं, आणि वाचूनही पटलं नाही तर माझ्याशी वाद घालायला येऊ नये.

आमचं घर मेंढरांचं. थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी कळप. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मेंढरांमागं फिरण्यात त्याचा जीव रमला नाही, म्हणून कनेरगाव नाक्यावर ढाब्यांच्या रांगेत एका गॅरेजवर चार वर्षं काढली आणि हात काळे करून परत आला. पुढं लग्न झालं, लेकरं झाली, आणि एके दिवशी वसमतच्या एका हळद व्यापाऱ्यानं टाकून दिलेली जुनी पिकअप त्यानं ट्रॅक्टरला साखळी लावून दिवसभर ओढत गावात आणली. इंजिन जाम झालेलं, स्प्रिंगचे पाटे बसलेले, आणि हौद्याच्या फटीफटीत पिवळी पूड. मायनं जवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाली, "हळद तर लागलेली हाय, पर नवरी लई म्हातारी दिसून राहिली." पुढचे चार महिने लिंबाखाली ते इंजिन उघडं पडलेलं होतं. सुटे भाग मायच्या एका फाटक्या गोधडीवर ओळीनं मांडलेले असायचे आणि त्यावरून कोंबडी जरी गेली तरी दादा अख्ख्या घरावर ओरडायचा.

मायनं जवळ जाऊन वास घेतला असं मी लिहिलं, कारण तिला लांबचं नीट दिसत नाही. तिचा डावा डोळा मी अकरा वर्षांची असताना गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन हिंगोलीत झालं होतं, चांगलं झालं होतं. परतताना गावातल्या एकाचा टेम्पो मिळाला. पुढं ड्रायव्हरशेजारी आमचा बा, धाकटे चुलते किसनकाका आणि त्यांच्यामध्ये सतरा वर्षांचा दादा बसले. मागं उघड्यावर डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली माय आणि मी. रस्त्याचं काम चालू होतं. माझ्या इवल्याशा ओढणीनं मी तिचं तोंड झाकत होते, वारा ती उडवत होता, आणि फुफाटा तर असा की समोरचा फाळका दिसू नये. चौथ्या दिवशी डोळा पिकला. नंतर बरेच दवाखाने झाले, डोळा काही परत आला नाही. त्या दिवशी बायकांनी मागं का बसायचं, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. बाया मागंच बसतात, त्यात विचारायचं काय?

मी मात्र ते पोटात ठेवलं होतं. पिकअप पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी आम्ही सगळे एका लग्नाला निघालो. दादा नवीन सदऱ्यात, बोनेटवर हात ठेवून उभा. बा आणि किसनकाका पुढं जाऊन बसले. माय आणि गयावहिनी साड्या सावरत मागं फाळक्यावरून चढायला लागल्या, आणि मायचा पाय घसरला. पडली नाही ती, पण माझा तोल गेला. सगळ्या भावकीसमोर मी दादाला म्हणाले, "मायचा डोळा गेला तव्हा तू पुढं बसला व्हतास. आता स्वतःची गाडी आली तरी ती मागंच?" मला वाटलं, तो चिडेल, दोन शब्द सुनावेल. त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं, बोनेटवरचा हात काढला आणि गाडीत जाऊन बसला. लग्नाला आम्ही तसेच गेलो. वाटभर मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चालू झालेली गाडी पुन्हा उघडली. या वेळी इंजिन नाही, केबिन. मागची भिंत कापली, हौद्यातली दोन फूट जागा केबिनमध्ये घेतली, वरून पत्रा जोडला आणि दुसरा बाक बसवला. जुन्या नांगराच्या लोखंडातून खाली पायरी केली, साडी नेसलेल्या बाईला गुडघा वर न काढता चढता येईल एवढ्या उंचीची. छताला लेकराच्या झोळीसाठी कडी लावली. आणि गिअरचा दांडा भट्टीत तापवून स्वतःच्या अंगाकडं वाकवला. ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हा त्याचा हात शेजारणीच्या गुडघ्याला लागतो, म्हणून बाया पुढं बसायला अवघडतात, हे मला बाई असून कधी कुणाला सांगता आलं नव्हतं. त्याला ते कसं कळलं, कुणास ठाऊक. वहिनीला विचारलं असावं. वाकवलेल्या दांड्यानं पहिल्यांदा दुसरा गिअर पडेना, तेव्हा त्यानं सीटचा कोपरा कापला. मग चौथा गिअर टाकला की दांडा त्याच्याच गुडघ्यावर आदळू लागला. ते त्यानं तसंच ठेवलं. गाडीत केलेल्या बदलांसाठी आरटीओनं पासिंगला तीनदा परत पाठवलं, तीनदा जाऊन तो म्हणतील ते दुरुस्त करून आला, पण बाक काढला नाही.

मग नियम सुरू झाला. बाया पुढं, बाप्ये मागं. मेंढरं बाजारला न्यायची असली तर मेंढरं आणि बाप्ये मागं. कुणी कितीही मोठा असो. पहिलं वर्षभर गावानं त्याला बायकांचा ड्रायव्हर म्हणून घेतलं. पारावर हसायचे, आणि निघायची वेळ झाली की निमूट फाळक्यावरून चढायचे, कारण त्या वेळी दुसरी गाडी नव्हती. चिडवणं फारच वाढलं तेव्हा दादानं सेनगावच्या पेंटरकडून फाळक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं, 'पुरुषांसाठी राखीव'. एसटीत बायकांच्या सीटवर लिहितात तसंच. गाडी वाटेत बंद पडायची, नेहमी पडायची, तेव्हा मागचे सगळे खाली उतरून धक्का मारायचे आणि केबिनमधून आमच्या म्हाताऱ्या बाया सूचना द्यायच्या. त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना व्याही पुढं बसायला निघाले. दादा त्यांना म्हणाला, "पाव्हणं, तुमची जागा मागं हाय. गादी टाकली हाय." घरात सगळ्यांचे जीव टांगणीला. व्याह्यांनी फाळक्यावरचं वाचलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि चढले. त्याच घरात भाची सुखानं नांदते आहे.

इतकं सगळं झालं, पण त्या टेम्पोबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. मला वाटायचं, आपण टोचलं म्हणून तो सुधारला. खोटं कशाला सांगू, चारचौघांत मी ते मिरवलंही. शाळेत सहकाऱ्यांना सांगायचे की माझ्या एका वाक्यानं भावाची गाडी कापली गेली.

दादाला अग्नी द्यायला शेतात नेलं. शेत गावापासून चार किलोमीटर, वाट खराब, म्हणून तिरडी त्याच्याच पिकअपमध्ये ठेवली. उशाशी मडकं घेऊन त्याचा मुलगा माधव, भोवती भावकी. स्टिअरिंगवर जावई. किसनकाका पुढं येऊन दार उघडायला लागले. आता ते थकलेत. म्हणाले, बाया वेशीपासून माघारी फिरतील, रीत आहे, मला मागं चढवत नाही, पुढं बसू द्या. खरं तर त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. पण गयावहिनी दाराला पाठ लावून उभी राहिली. "ह्या गाडीत बाया पुढं बसतेत," ती म्हणाली, "अन् आमी वेशीला उतरनार न्हाई." कुजबुज सुरू झाली. नवरा मागं पडलाय आणि ही जागेसाठी भांडते, असंही कुणीतरी म्हणालं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात माय चाचपडत पुढं आली. पायरी तिला न बघता सापडते. ती चढली, बाकावर बसली आणि तिथून बोलली.

"किसना, तुला याद असंल. डोळा गेला त्या दिवशी ही पोर पिशवी घ्यायला दवाखान्यात गेली व्हती, तव्हा नागू मागंच चढून राहिला व्हता, माझ्याजवळ. म्याच त्याला हाकललं. म्हणलं, पुढं जाऊन बस, पोरगं कुठं मागं बसतं का बायांत. म्याच म्हणलं ते. मलाच तसं वाटायचं." ती थांबली. दम घेतला. "आता म्या पुढं बसले. कोन उतरवतं ते पाहू."

काकांनी मान खाली घातली. त्यांना आठवत होतं. दोघा जणांनी हात देऊन त्यांना मागं घेतलं आणि गाडी सुटली. वेशीशी जावयानं सवयीनं वेग कमी केला, वहिनीनं नुसता हात पुढं केला, गाडी वेशीतून पार झाली. आमच्या गावच्या बाया पहिल्यांदा चितेपर्यंत गेल्या. उभ्या राहिल्या. आभाळ कोसळलं नाही.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. सोळा वर्षांपूर्वी भावकीसमोर दादानं एवढं एकच वाक्य बोलणं पुरेसं होतं, 'मायनंच मला पुढं बसवलं होतं.' तो ते बोलला असता तर मी गप्प झाले असते, आणि डोळ्याचा बोल मायवर आला असता. म्हणून तो बोलला नाही. माझा आळ त्यानं स्वतःवर घेतला आणि मी त्याच आळाची फुशारकी मारत फिरले. आता कुणाची माफी मागू मी? समोर राख होत होती.

परतताना मी पुढं गेले नाही. फाळक्यावरून चढले आणि दादाला ठेवला होता त्या फळ्यांवर बसले. भावकीतले बाप्ये बाजूला सरकले. मला वाटलं, हीच माझी जागा, इथून पुढं ही एवढीच. जावयानं गाडी चालू केली. तेवढ्यात पुढचं दार उघडलं, गयावहिनी खाली उतरली आणि मागं येऊन माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले, कपाळ मोकळं.

"सुमन, खाली उतर."

मी मान हलवली. म्हणाले, वहिनी, मला इथंच राहू दे.

"तुझ्या दादानं लोखंड कापून जागा काढली ती रडत मागं बसायला न्हाई काढली," ती म्हणाली. "चुकलीस तर चुकलीस. पर बसायचं पुढंच."

मी उतरले. पायरीवर पाय ठेवून केबिनमध्ये चढले आणि मायच्या बाजूला बसले.