बैलबंडीवरचा रुमाल

माझ्या हातून आजवर एकच अजगर मेला आणि त्यात माझ्या पुतणीचं एक वर्ष गेलं.

अजगर खोटा होता. वर्ष खरं होतं.

कापसाचे वाईट दिवस होते ते. इतके वाईट, की बाहेरची माणसं गाड्या भरभरून यवतमाळात यायची, बसस्टँडवर चहा प्यायची आणि चहावाल्यालाच विचारायची, "इथं दुःखी गाव कोणतं?" मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात आवक-जावक कारकून होतो. आलेल्या कागदाला नंबर देणं आणि गेलेल्या कागदाचा नंबर विसरणं, एवढंच काम. दिवसभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारून मन असं काही आंबायचं, की संध्याकाळी मी गजूभाऊच्या सायबर कॅफेत शिरायचो आणि धनुर्धारी व्हायचो!

एक ऑनलाइन खेळ होता. त्यात जंगलं, किल्ले, चेटकिणी आणि जगभरातले खेळाडू. माझ्या पात्राचं नाव 'विदर्भकेसरी'. सहा फूट उंच, टोकदार कान, कमरेपर्यंत रुळणारे केस. (माझे तेव्हाच गेले होते.) बायको, म्हणजे मंदा, एकदा कॅफेत डोकावून गेली आणि म्हणाली, "घरात पाल निघाली तर खुर्चीवर चढता. अन् इथं अजगर मारता?"

अजगर म्हणजे ड्रॅगन. पण गजूभाऊ त्याला अजगर म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. हा अजगर आठवड्यातून एकदाच गुहेबाहेर यायचा आणि त्याला मारायला बारा टोळ्या टपलेल्या असायच्या. त्यावरून अशी हाणामारी व्हायची, की अजगर बाजूला बसून जांभया द्यायचा. तेव्हा पुढे कोण आलं? आवक-जावक! मी रांगेचा कायदा लिहिला. प्रत्येक टोळीला नंबर. नंबर आला की मारायचं, चुकला तर शेवटी जायचं. वीज गेली, तर मागच्यानं पुढच्याची जागा धरायची. शेवटी माझ्या कार्यालयीन इंग्रजीत 'काइंडली डू द नीडफुल'. आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ऐकलं! पुढे तर ब्राझीलची पोरंसुद्धा तलवार उपसण्याआधी 'काइंडली डू द नीडफुल' लिहायला लागली.

आमच्या टोळीत डस्टी नावाचा एक अमेरिकन होता. त्याच्या वडिलांचीही कापसाचीच शेती. त्यानं एकदा सहज विचारलं, तुमच्याकडे कापूस वेचायला कोणतं यंत्र वापरता? मी लिहिलं, "वहिनी." त्यानं ते कंपनीचं नाव समजून किंमत विचारली.

तर ही वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा राळेगावच्या वाटेवरच्या आमच्या गावात शेती करायचा. त्याची मुलगी वर्षा बारावी झाली होती आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. शनिवारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा दुसरीला. फी कापसातून निघणार होती. तिकडचं खरेदी केंद्र बंद पडलं म्हणून दादा बैलबंडी भरून यवतमाळच्या सरकारी केंद्रावर आला आणि रांगेत लागला. टोकन एकशे बारा. चार दिवस तो बंडीखाली झोपला. मी रोज डबा पोचवायचो आणि रोज त्याला सांगायचो, की रांगेचं व्यवस्थापन कसं चुकलं आहे. तो जेवता जेवता ऐकायचा आणि रिकामा डबा माझ्या हातात द्यायचा.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, वर्षाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता आणि आमचे तलाठी गुरुवारीच सापडायचे. दादानं मला रजा टाकायला लावली.

"वसंत्या, मी दुपारच्या यष्टीनं जातो, सांजच्यानं पोरीले घेऊन येतो. तू फक्त बंडीजवळ बस."

"दादा, मला रांगेचं नको शिकवू. माझ्या रांगेत ब्राझील उभं राहतं."

"राहू दे. तू बस. रांग सरकली का बैल जुपायचे, पुढं घ्यायचे, पुन्हा सोडायचे. कायी डोकं लावू नको. बैलाइले समजते सगळं, तू फक्त त्याइच्या मधात बोलू नको."

दादा गेला. मी बंडीच्या सावलीत बसलो. आणि तेव्हा मला आठवलं, की त्याच गुरुवारी, दुपारी अडीच वाजता, तीन आठवडे वाट पाहून, अजगरासमोर आमच्या टोळीचा नंबर होता!

मी हिशेब केला. पुढे अठरा बंड्या. सकाळपासून एका बंडीला दहा मिनिटं. म्हणजे तीन तास. आत्ता वाजला होता एक. गजूभाऊचं कॅफे लुनानं दहा मिनिटांवर. अजगर पाऊण तासात मरतो. साडेतीनला मी परत, वर अर्धा तास शिल्लक! (असा चोख हिशेब मी कार्यालयात एकदाही केला नव्हता.)

मागच्या बंडीवर उत्तमराव नावाचे गृहस्थ होते. त्यांना म्हटलं, "उत्तमराव, जरा जागा धरता का? आलोच."

"धरतो ना. पण साहेब, जागेवर कायीतरी ठेवून जा. लोक आयकत नाहीत."

मी काय ठेवलं असेल? जन्मभर यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस मी! खिशातून रुमाल काढला, झटकला आणि कापसाच्या ढिगावर नीट पसरून ठेवला. पांढऱ्यावर पांढरा. बैल निंबाखाली बांधले आणि लुनाला किक मारली.

कॅफेत सगळं थाटात सुरू झालं. चाळीस योद्धे गुहेच्या तोंडाशी उभे होते. अजगर निघाला, मी पहिला बाण ताणला आणि यवतमाळची वीज गेली.

"गजूभाऊ! जनरेटर!"

"जनरेटर हाय साहेब. रॉकेल नाही!"

"मग आणा की!"

"आणून राह्यलो ना! गल्ल्यावर पोट्ट्याले बसवतो अन् पळतो!"

रॉकेल आणायला तो शहराबाहेरच्या लोहाऱ्यापर्यंत गेला की काय, देव जाणे. सव्वा तासानं जनरेटर धडधडला. मी घाबरत घाबरत आत गेलो, तर काय! एकोणचाळीस माणसं जागच्या जागी उभी! मागच्या टोळीनंही आमची जागा धरली होती. डस्टीनं लिहिलं होतं, 'त्याची वीज गेली आहे. आपण थांबू. नियम त्यानंच केलाय.' तिकडे त्याची पहाट व्हायला आली होती. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि तसाच आंधळ्यासारखा लढलो. अजगर मेला! लुटीसाठी फासे पडले आणि अभेद्य शिरस्त्राण मला मिळालं! कॅफेतल्या सगळ्यांना मी चहा पाजला. घड्याळ डोळ्यांशी धरून पाहिलं तर पावणेपाच.

केंद्राच्या फाटकाशी पोचलो तर रांगच नव्हती.

झालं असं होतं, की मी गेल्यावर दहाच मिनिटांत हुकूम आला: सरकी काढायच्या जिनिंगमध्ये जागा उरली नाही, चार वाजता खरेदी बंद, पुढची तारीख कळवू. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर साहेबांनी घाई मांडली. मूठभर कापूस काढायचा, दाबायचा, "ओला आहे, काढा बाहेर!" म्हणायचं. अठरापैकी अकरा बंड्या अशाच बाहेर गेल्या. तासाभरात एकशे बारा नंबर पुकारला. तीनदा पुकारला. मग मागच्या लोकांनी आमची बंडी आठ हातांनी ढकलून कुंपणाशी, निंबाखालच्या बैलांजवळ नेऊन लावली. एक बैल शांतपणे कडबा खात होता. दुसऱ्याच्या तोंडातून माझ्या रुमालाचा कोपरा लोंबत होता.

उत्तमरावांचा कापूस मोजून झाला होता. रिकाम्या बंडीवर ते खाली मान घालून बसले होते.

"साहेब, म्या दाखवला ना रुमाल. म्हनलं, मानूस हाय, आत्ता येते. तं ग्रेडर म्हने, 'रुमाल मोजू का काट्यावर?' लोक हासले. मंग मीबी काय करू? माह्या मांगंबी लोक होते."

तेवढ्यात फाटकातून दादा आला. मागे वर्षा, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत दाखला धरून. दादानं आधी काटा पाहिला, मग कुंपण, मग बंडी. मला पाहिलं सगळ्यात शेवटी.

"कुठी गेलता?"

"ऑफिसात," मी म्हणालो. "साहेबांनी तातडीनं बोलावलं. सरकारी काम, दादा!"

हे वाक्य पुरं होतंय न होतंय तोच फाटकातून स्कूटर आत आली. स्कूटरवर गजूभाऊ. हातात माझा चष्मा.

"साहेब! केंद्रावर जातो म्हनून पळाले, अन् अजगर मारल्याच्या खुशीत चष्माच विसरले ना तुम्ही!"

"कोणता अजगर?" दादानं विचारलं.

गजूभाऊ मोठा भला माणूस. त्यानं सगळं सांगितलं. वीज, रॉकेल, बाण, शिरस्त्राण आणि मी पाजलेला चहासुद्धा! मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, पण चष्म्याशिवाय मी नेमकं कोणाला खुणावतोय तेच मला दिसत नव्हतं. मी बैलाला खुणावत होतो, असं नंतर कळलं.

दादानं बैलाच्या तोंडातून रुमाल ओढून काढला, पिळला आणि माझ्या हातात दिला. जेवण झाल्यावर डबा द्यायचा तसा.

फाटकाबाहेर व्यापारी उभाच होता. भाव मी सांगत नाही, ऐकून तुम्हालाच लाज वाटेल. वर पैसे पंधरा दिवसांनी. शुक्रवारी मी धावत कार्यालयात गेलो आणि आगाऊ रकमेसाठी अर्ज केला. शनिवारी दुपारपर्यंत तो साहेबांपर्यंत पोचलाच नाही. चौकशी केली, तर शिपाई म्हणाला, "तुमच्याच टेबलावर हाय ना साहेब. आवक नंबर नाही पडला त्याच्यावर." घाबरगुंडीत मी स्वतःच्याच अर्जाला नंबर द्यायला विसरलो होतो! शनिवार गेला. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

रविवारी वर्षा आमच्या घरी जेवायला बसली होती. मंदा तिला आग्रह करून वाढत होती आणि माझ्या ताटात वाढताना पळी आपटत होती. मग वर्षानं विचारलं,

"काका, तिथं तुमची लाईन गेली, तं सगळे थांबले?"

"हो."

"सव्वा तास? अन् कोनीच मधात नाही घुसलं?"

"नाही गं. नियमच आहे तसा."

तिनं भाताचा घास तसाच धरून ठेवला.

"मंग आपलं खरेदी केंद्र तिथंच काहून नाही टाकत?"

मंदानं माझ्या ताटात वाढायची पळी तिच्या ताटात रिकामी केली.

ती त्या वर्षी वहिनीबरोबर कापूस वेचायला गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. त्या वेळी दादानं रांगेतले दहाही दिवस स्वतः काढले आणि मला डबा घेऊनसुद्धा फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. ती नर्स झाली. गावात मला मात्र 'अजगरराव' हे नाव पडलं ते पडलंच. लग्नाच्या पत्रिकाही त्याच नावानं येतात.

परवा साखर तपासायला तिच्याच इस्पितळात गेलो. वर्षा आता तिथं मोठी सिस्टर आहे, सगळा बाह्यरुग्ण विभाग तिच्या नजरेच्या धाकात चालतो. मी म्हटलं, "बेटा, जरा लवकर आत सोड ना." तिनं टोकन दिलं. सत्तेचाळीस.

"काका, इथं कोनी मधात घुसत नाही. तुमचाच नियम हाय ना? बसा. फक्त हलू नका."

मी बसलो. खरोखर बसलो! पण आता तो खेळ मोबाइलवर आला आहे. डस्टीचेही केस गेलेत म्हणे. त्याचा निरोप आला, 'कुठे आहेस? आपला नंबर आलाय.' आत रेंज नव्हती, व्हरांड्यात होती. दोन मिनिटांचं काम. खुर्चीवर रुमाल टाकला आणि गेलो.

परत आलो तेव्हा खुर्चीवर एक आजीबाई बसल्या होत्या. फलकावर आकडा होता बावन्न. आणि वर्षा वजनकाट्याजवळ उभी होती, दोन बोटांच्या चिमटीत माझा रुमाल धरून.

"काका, मोजू का काट्यावर?"

सगळा विभाग हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार! तिनं रुमाल माझ्या खिशात कोंबला आणि नवं टोकन हातावर ठेवलं. मी चष्मा लावून पाहिलं. एकशे बारा. तो आकडा आपोआप निघाला, की पोरीनं गठ्ठ्यातून शोधून काढला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी गपचूप जाऊन बसलो आणि मोबाइल बंद करण्याआधी डस्टीला तेवढं कळवलं, 'आज माझी जागा धरू नका. मी रांगेत आहे.'